आजोबांच्या टीव्हीतली रेघ

आमच्या घरातला टीव्ही बाबांपेक्षा वयानं थोडासाच लहान आहे, आणि आजोबांनी लाड मात्र त्याचेच जास्त केलेत. चार तिरक्या पायांवर उभी असलेली लाकडी पेटी, पुढे दोन्ही बाजूंना सरकणारी दारं, आणि उजवीकडे एक जाडजूड बटण. ते फिरवलं की असा खट्ट आवाज होतो की शेजारच्यांनाही कळावं, यांच्याकडे चॅनल बदललं. खरं तर त्या बटणानं आता काहीच बदलत नाही. हवेतून येणारं सगळं केव्हाच बंद झालं. जे दिसतं ते एका काळ्या डब्यातून वायरनं टीव्हीत शिरतं, आणि चॅनल त्या डब्याच्या रिमोटवर बदलतात. तरी आजोबा रिमोट दाबून झाला की उठतात, बटण एकदा फिरवतात आणि परत जागेवर आणतात. त्याला वाईट वाटू नये म्हणून.

भिंतीवरच्या चपट्या टीव्हीला आजोबा पाल म्हणतात. घरात पाल आणायचा विषय निघाला की त्यांचं उत्तर ठरलेलं असतं: मी आहे तोवर हा, पुढचं तुमचं तुम्ही बघा. आजोबांची तब्येत ठणठणीत आहे, जिना ते माझ्याआधी चढतात, पण हे वाक्य ते इतक्या खंगलेल्या आवाजात म्हणतात की बाबा लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागतात.

तर या टीव्हीला रेघेचा आजार होता. बातम्या देणारी बाई छान बोलत असायची आणि मधेच तिचं चित्र वरून-खालून चेपायला लागायचं. आधी कपाळ बुटकं व्हायचं, मग नाक पसरायचं, आणि शेवटी काळ्या पडद्याच्या मधोमध एक पांढरीशुभ्र आडवी रेघ उरायची. आवाज जसाच्या तसा. रेघ हवामान सांगायची, रेघ अपघाताची बातमी द्यायची, आणि खरं सांगते, मंत्री रेघ झाले तरी त्यांच्या भाषणात काही कमी पडलंय असं वाटायचं नाही. कधी ती क्षणभर राहायची, कधी अर्धा कार्यक्रम. मग जणू काही झालंच नाही अशा थाटात चित्र परत उघडायचं.

ज्या आजाराला वेळकाळ नसतो त्याला वैद्य फार. बाबांचं म्हणणं, दोष अँटेनाचा. रेघ आली की ते गच्चीवर धावायचे आणि तिथला गंजका अँटेना फिरवून वरून ओरडून विचारायचे, आलं का, आलं का. त्या अँटेनाची वायर कुठल्याच कशाला जोडलेली नव्हती. मी हे त्यांना दाखवलं, वायरचं मोकळं टोक त्यांच्या हातात दिलं. ते म्हणाले, असेल, पण फिरवल्यावर चित्र येतं हे तर खोटं नाही ना. आईचा संशय फ्रिजवर. फ्रिज घरघरायला लागला की वीज तो खातो आणि टीव्ही उपाशी राहतो. आजोबांच्या मते टीव्हीला उभ्यानं बघणारी माणसं चालत नाहीत; घाईतला माणूस समोर आला की तो मिटतो, म्हणून रेघ आली की सगळ्यांनी खाली बसायचं. आणि काकांचा उपाय म्हणजे थप्पड. डाव्या बाजूला, पंजा पसरून, फाडकन. काकांची थप्पड पुष्कळदा लागू पडायची. हीच तर पंचाईत होती.

काकांची ओळख करून द्यायला हवी. बाबांचे धाकटे भाऊ, पलीकडच्याच गल्लीत राहतात, केसांना रोज हेअर ड्रायर मारतात आणि सुट्टीत मुलांसाठी व्यक्तिमत्त्व विकास शिबिर घेतात. आत्मविश्वासानं कसं बोलावं, कसं उभं राहावं, हात कुठे ठेवावेत. यंदा त्यांनी ठरवलं होतं की घरच्या मुलीला फुकट घ्यायचं. मला, म्हणजे माशाला पोहायचा क्लास. वर्गात मी बोलायला लागले की बाई घड्याळाकडे बघतात. मला आणखी आत्मविश्वास दिला तर तो ठेवायला शेजाऱ्यांकडे जागा मागावी लागेल.

मला जायचं होतं मामाच्या दुकानात. माझा मामा जुने टीव्ही आणि रेडिओ दुरुस्त करतो. असले सेट आता नाटकवाले नेतात, हॉटेलवाले शोभेला ठेवतात, आणि आजोबांसारखे काही लोक अजून खरंच बघतात. त्याच्या दुकानात एक लांबलचक टेबल आहे, त्यावर पाठी उघडलेले टीव्ही ओळीनं उभे, आणि टेबलाशी एकच स्टूल. मला दुसरं स्टूल हवं होतं. शाळा सुटल्यावर मी तिथे जाऊन मेलेल्या बोर्डांवर सोल्डर मारायला, म्हणजे कथील वितळवून डाग द्यायला, शिकले होते. सुरुवातीला माझे डाग चिमणीनं केल्यासारखे पडायचे. आता ते असे चकचकीत, गोलसर बसतात की मामाला ते बोटानं चाचपून बघावे लागतात. चालू सेटच्या मागे काम करताना एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे झटका बसलाच तर छातीतून जात नाही, हा त्याचा पहिला नियम. मुलींच्या कपड्यांना खिसे नसतात, हे शिवणाऱ्यांना वाटतं तेवढं किरकोळ नाही. मी आईकडून सगळ्या फ्रॉकना खिसे शिवून घेतले.

काकांनी शिबिराची बोलणी लावली आणि मी टेबलाची. शेवटी बाबांनी निवाडा दिला: शाळा बंद व्हायच्या आत आजोबांचा टीव्ही तू बरा केलास तर सुट्टीभर मामाकडे, नाहीतर काकांच्या शिबिरात. आजोबांनी मान डोलावली. काका हसले, कारण त्यांना माहीत होतं की याच टीव्हीपुढे मामानंही हात टेकलेत.

ते खरं होतं. टीव्ही कितीदा तरी मामाच्या दुकानात जाऊन आला होता. डॉक्टरला बघून ताप उतरावा तसा तिथे तो शहाण्यासारखा वागायचा. मामा दिवसेंदिवस तो चालू ठेवायचा, रेघ म्हणून यायची नाही. घरी आणला, जागेवर ठेवला, आजोबांनी बटण खट्ट केलं, की त्याच संध्याकाळी रेघ. आजोबांना यात टीव्हीचा घरावरचा जीव दिसायचा. मामाला अपमान दिसायचा.

मामा म्हणतो, बिघाड काढणं सोपं असतं, त्याला हजर करणं अवघड. आणि नुसता गेला म्हणजे दुरुस्ती झाली असं समजायचं नाही. आपण केलेली गोष्ट उलटी करून तो परत आणून दाखवायचा, मग परत घालवून दाखवायचा. हे झाल्याशिवाय गिऱ्हाइकाला 'झालं' म्हणायचं नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

निवाड्यानंतरच्या रविवारी सकाळी मामा आमच्याकडे आला. मागचं झाकण काढलं, पिक्चर ट्यूबमध्ये साठून राहिलेली वीज वायरनं उतरवली, आणि मग टॉर्च माझ्या हातात देऊन म्हणाला, बघ. मी बघितलं. चित्र वर-खाली ताणून धरणारा जो भाग असतो, तिथे एक निळा कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारी डबी, होता, बोटाच्या पेराएवढा, डोकं जरासं फुगलेलं. मला तो बघताक्षणीच गुन्हेगार वाटला. मामा म्हणाला, असू शकतो, बदल तू. मी तो काढला, नवा लावला, आणि डाग असे बसले की मी त्यांच्याकडे बघतच राहिले. जुना कंडेन्सर एका वाटीत जपून ठेवला. मामाला दुसरं काम होतं. जाताना त्यानं बजावलं की मी येऊन तपासेपर्यंत झाकण लावू नकोस, टीव्ही कोपऱ्यात भिंतीशी ढकलून ठेव, आणि मागे कुणी हात घालायचा नाही. कोपऱ्याच्या तोंडाशी मी खुर्ची आडवी टाकली आणि टीव्ही चालू केला.

चित्र उमटलं आणि उमटतानाच एकदा थरथरलं. जुने सेट तापताना थरथरतातच. पण तेवढं पुरलं. बाबा गच्चीकडे धावले. आईनं फ्रिजची पिन ओढली. आजोबा म्हणाले, बसा, सगळे आधी बसा. मी ओरडत होते की थांबा, एका वेळी एकच, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत, मुद्दाम बघायला आलेल्या काकांचा पंजा फाडकन टीव्हीवर पडला.

चित्र स्थिर झालं. आणि स्थिरच राहिलं.

त्या दिवशी रेघ आली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही. पूर्ण आठवडाभर बातम्यांची बाई कपाळासकट दिसत राहिली, आणि घरात श्रेयाची लढाई सुरू झाली. बाबांनी अँटेनाच्या काठीला खडूनं खूण केली, की हीच ती दिशा. आईनं फ्रिज पलीकडच्या खोलीत हलवला आणि भेटेल तिला सांगितलं. आजोबा दाराशी कुणी घुटमळलं तरी म्हणायचे, आत येऊन बसा नाहीतर जा. काका तर आयत्या बिळावर नागोबा होऊन बसले. शिबिरात नाव घालायला येणाऱ्या मुलांना सांगायलाही लागले की निर्णायक क्षणी केलेली एक ठाम कृती कशी वर्षानुवर्षांचा प्रश्न सोडवते. मी सगळ्यांना कंडेन्सर म्हणजे काय ते समजावून सांगत होते. फुगलेलं डोकं दाखवत होते. कुणी वाटीत डोकावूनही बघायला तयार नव्हतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढं ऐकलं होतं. आमच्या फांदीवर पाच कावळे एकदम बसले होते आणि पाचवा कावळा मी आहे हे मी सोडून सगळ्यांना दिसत होतं.

शाळेचा शेवटचा दिवस आला. बाबांनी मामाला बोलावलं, की आता तूच सांग, टीव्ही कुणी बरा केला.

मामानं आल्या आल्या चहा बाजूला ठेवला आणि सांगितलं की ज्यानं जे केलं त्यानं ते उलटं करायचं. एकेकानं. रेघ ज्याच्या पाळीला येईल तो खरा.

आईनं फ्रिज परत जुन्या जागी आणून लावला. तो घरघरला, गारठला, परत घरघरला. चित्र जागच्या जागी. आईचा चेहरा मात्र जरा उतरला. मग बाबांनी वर जाऊन खडूची खूण सोडली आणि अँटेना गरागरा फिरवला. वरून विचारलं, गेलं का? चित्र गेलं का हे इतक्या आशेनं विचारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. नाही गेलं. आजोबांच्या पाळीला आम्ही सगळे उभे राहिलो. आजोबा टीव्हीकडे असे बघत होते की बाबा रे, आता तरी मीट. टीव्ही मिटला नाही.

मग माझी पाळी. टीव्ही बंद केला, ओढून पुढे घेतला, मामानं ट्यूबची वीज उतरवली, आणि मी माझे ते देखणे डाग स्वतःच्या हातानं वितळवले. वाटीतला फुगीर कंडेन्सर परत लावला. मला खात्री होती. इतकी, की टीव्ही लावून झाल्यावर मी काकांकडे बघून हसलेसुद्धा.

आम्ही बसलो. बातम्या झाल्या. स्वयंपाकाचा कार्यक्रम झाला. एका म्हाताऱ्या गृहस्थानं मधमाश्या कशा पाळाव्यात ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. चित्र काचेसारखं. जुन्या कंडेन्सरवर. मी स्क्रीनच्या मधोमध डोळे लावून मनातल्या मनात म्हणत होते, ये ना, एकदाच ये, आणि मधमाश्या गुणगुणत होत्या.

"राहिलो मी," काका म्हणाले. "आणि थप्पड काही परत घेता येत नाही."

चौघांचं म्हणणं खोटं ठरलं होतं आणि काकांचं तपासताच येत नव्हतं, म्हणून ते खरं ठरत होतं. शास्त्राच्या नावानं चाललेल्या कामात शेवटी थप्पड जिंकली. काकांनी उभं राहून, हात जिथे ठेवायला हवेत तिथे ठेवून, छोटंसं भाषण केलं. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले की ठरल्याप्रमाणे सोमवारपासून शिबिर. आई म्हणाली, जरा बोलायचं कसं ते तरी शिकशील. मी गप्प बसले. मी गप्प बसले की घरात सगळे दचकतात, पण त्या दिवशी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मामा पिशवी भरायला लागला. तेवढ्यात आजोबांनी तक्रार केली की जाण्याआधी ते झाकण तेवढं लावून दे रे बाबा, आठवडाभर नुसती धूळ जातेय पोटात. मामा हो म्हणाला, कपाटामागून झाकण काढलं, फडक्यानं पुसलं आणि स्क्रू शोधायला लागला.

मी ते झाकण बघत होते. जाड पुठ्ठ्याचं, हवेसाठी बारीक भोकं पाडलेलं, आणि त्यातली निम्मी भोकं आजोबांच्या लाडक्या सेटवर वर्षानुवर्षं बसलेल्या धुळीनं बुजलेली. आठवडाभर ते कपाटामागे होतं. आठवडाभर रेघ नव्हती. आणि मामाच्या दुकानात सगळे टीव्ही कसे उभे असतात? पाठ उघडी टाकून. कायम.

आम्ही सगळ्यांनी आपण काय काय केलं ते उलटं करून पाहिलं होतं. काय करायचं राहिलं होतं त्याचा कुणी विचारच केला नव्हता. ते राहिलं होतं मामाच्याच सांगण्यावरून, म्हणून तर मुळीच नाही.

"मामा, थांब," मी म्हणाले. "नाही, थांबू नकोस. लाव. घट्ट लाव आणि टीव्ही चालू ठेव."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, की उघडा असला की तो गार राहतो म्हणून बरा असतो, झाकलं की तापतो आणि मग त्याचं काहीतरी सुटतं, आणि तू त्याला दुकानात कधी झाकण लावून बघितलंच नाहीस. शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर मला कळलं की मी कुणाला काय बोलले. आईनं डोळे वटारले. मामानं हातातला स्क्रू उलटसुलट करून बघितला. त्याच्या चेहऱ्यावर अनेक वर्षं एकामागून एक जाताना मला दिसली.

"नाही लावलं," तो म्हणाला. "लावून कशाला बघेन? झाकण लावलं की काम संपलं."

काकांनी आठवण करून दिली की निकाल लागलेला आहे. आजोबा म्हणाले, लावू दे की, धूळ तरी थांबेल. मामानं सगळे स्क्रू आवळले, टीव्ही कोपऱ्यात ढकलला, आणि आम्ही परत बसलो. यावेळी कुणाला काही सिद्ध करायचं नव्हतं, मला सोडून. मधमाश्यांनंतर एक बाई योगासनं शिकवत होती. ती आडवी झाली, उठली, परत आडवी झाली. पेटीच्या वरच्या फळीवर मी हात ठेवून पाहिला, कोमट. मग ऊन. काका घड्याळ बघत होते. आई निघून स्वयंपाकघरात गेली.

आणि योगासनांच्या बाईचं डोकं चपटं झालं. आधी वाटलं आसनच तसं आहे. मग तिचे खांदे गुडघ्यांना मिळाले, गुडघे चटईला मिळाले, आणि अंधारात एक लखलखीत पांढरी रेघ उरली, जी शांत आवाजात सांगत होती की श्वास सोडा.

मी इतकी सुंदर रेघ आयुष्यात पाहिली नव्हती. मी खुर्चीवर उभी राहून नाचले. आजोबांनी कपाळाला हात लावला, बाबा सवयीनं जिन्याकडे निघाले, आतून आईनं फ्रिजची पिन ओढल्याचा आवाज आला, आणि काका पंजा पसरून पुढे सरसावले. मी खुर्चीवरून उडी मारली ती थेट त्यांच्या आणि टीव्हीच्या मधे.

"काका, हात खाली. मी बिघाडाला बोलावून आणलंय."

काकांचा हात वरच राहिला. मला वाटतं त्यांच्या शिबिरात हात असा ठेवायला शिकवत नाहीत.

पुढचं अवघड होतं, कारण झाकण काढलं की टीव्ही गार होणार आणि रेघ पळणार. झालंही तसंच. मामानं स्क्रू काढले आणि बाई चटईवरून उठून बसली. मी काकांना विचारलं, तुमचा हेअर ड्रायर मिळेल का? ते कशाला म्हणाले, पण जाऊन घेऊन आले. एवढा मान त्यांना द्यायलाच हवा. मामा एका बाजूनं ऊन हवा मारत राहिला, थोडी इथे, थोडी तिथे, रेघ परत येईपर्यंत, आणि मी एक हात खिशात घालून, दुसऱ्या हातात आईची प्लॅस्टिकची विणायची सुई धरून, एकेका भागाला हळूच टिचकी मारत गेले. रेघ आहे की गेली ते आजोबा समोरून सांगत होते. आहे. आहे. आहे. मग मी एका जाड तारेच्या वेटोळ्याला सुई लावली आणि आजोबा म्हणाले, गेली. सुई उचलली. आली. लावली. गेली. निळ्या कंडेन्सरच्या अगदी शेजारी होतं ते, त्याचा मी विचारही केला नव्हता, कारण त्याचं डोकं फुगलेलं नव्हतं.

टीव्ही बंद करून मामानं बोर्ड तिरका धरला. वेटोळ्याच्या एका पायाभोवतीचा डाग गोल तडकला होता, केसाएवढा. नुसत्या डोळ्यांना दिसतही नव्हता. टॉर्च आडवा धरला तेव्हा दिसला. तापलं की पाय डागातून सुटायचा, गार झालं की परत चिकटायचा. मामानं काकांना बोलावून तो दाखवला.

"तुमच्या थप्पडीनं हा तेवढ्यापुरता जुळायचा," तो म्हणाला. "थप्पड म्हणजे औषध नव्हतं, पण पुरावा होता. लूज कॉन्टॅक्ट आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं."

काकांनी यातला फक्त 'पुरावा' हा शब्द ऐकला, आणि तो त्यांना पुरला.

डाग मी दिला. जुनं कथील खरवडून काढलं, पाय घासून स्वच्छ केला, नवं सोल्डर असं वितळवलं की ते पायाभोवती आपलं आपण चढलं. मग झाकण लावलं, भोकं दाभणानं मोकळी केली, आणि पेटी तापून तापून पापड भाजता येईल एवढी झाली तरी चित्र हललं नाही. मामा तरीही 'झालं' म्हणाला नाही. त्यानं परत सगळं उघडायला लावलं, तो डाग माझ्याकडून सैल करून घेतला, रेघ आणवली, परत डाग द्यायला लावला, रेघ घालवली. आई म्हणाली, एवढं तर पोरीच्या परीक्षेतही कुणी तपासलं नाही. बाबांनी काकांकडे पाहिलं. काकांनी मोठ्या मनानं सांगितलं की जिच्यात मुळातच आत्मविश्वास आहे तिला शिबिराची गरज नसते, आणि त्याचं बरंचसं कारण घराणं असतं.

तर आता मी मामाच्या दुकानात बसते. दुसरं स्टूल आहे. पण त्या दिवसापासून मामानं नवा नियम केलाय: दुरुस्त झालेला कुठलाही सेट झाकण लावून, तापवून, समोरून नीट बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. आणि समोरून बघणारं माणूस कोण, तर मी. कार्यक्रम लावायचा नाही, कारण कार्यक्रमात माणूस गुंततो. एक पांढऱ्या चौकोनांची जाळी लावायची, हलत नाही, बोलत नाही, आणि तिच्याकडे बघत बसायचं. वर्षभर 'टीव्हीसमोरून ऊठ' म्हणून माझं डोकं खाणारी आई आता डबा आणून देताना विचारते, लक्ष आहे ना, डोळा हलवू नकोस. मैत्रिणी सुट्टीत कुठे कुठे जाऊन आल्या. मी एका जाळीसमोर आहे.

काल दुपारी मामा मागे एका रेडिओत डोकं घालून बसला होता. मी जाळीकडे बघत होते, रोजच्यासारखी, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यातला एक चौकोन अगदी किंचित, कुणाला सांगूनही पटणार नाही इतका किंचित, आत ओढला गेला. मी डोळा हलवला नाही. परत ओढला गेला.

मी हलक्या आवाजात, बिघाडाला पळवून न लावता, म्हणाले, मामा, आला. मामानं रेडिओ तिथेच टाकला, हात पुसायचेही राहिले, आणि तो चवड्यांवर चालत माझ्या स्टुलाशेजारी येऊन उकिडवा बसला. आम्ही दोघं त्या कोपऱ्याकडे बघत राहिलो, एक हात खिशात घालून.